बाम्बिनो! (जपानी दूरचित्रवाणी मालिका)

निप्पॉन टेलिव्हिजन या वाहिनीने १८ एप्रिल ते २७ जून २००७ या काळात दर बुधवारी रात्री १० वाजता दाखवलेली ११ भागांची मालिका. तोक्योच्या रोप्पोंगी भागातल्या ‘बाक्कानाले’ या काल्पनिक इटालियन रेस्तराँच्या भटारखान्यात शेफ होण्याची उमेदवारी करणाऱ्या तरुणाची ही गोष्ट आहे. मूळ कथा तेत्सुजी सेकिया यांच्या त्याच नावाच्या मंगाची (जपानी चित्रकथेची) असून पटकथा योशिकाझु ओकादा यांची आहे. नायक बान शोगो याची भूमिका जुन मात्सुमोतो याने केली.

बान हा फुकुओकाचा कॉलेज विद्यार्थी. गावातल्या छोट्या इटालियन रेस्तराँमध्ये तो अर्धवेळ काम करतो. हात चांगला आहे, गिऱ्हाइकांकडून शाबासकी मिळते आणि त्यामुळे स्वतःविषयी जरा जास्तच खात्री आहे. मालकाच्या ओळखीने तो सुट्टीत मदतनीस म्हणून ‘बाक्कानाले’त येतो आणि पहिल्याच संध्याकाळी त्याची दाणादाण उडते. ऑर्डरी धडाधड येतात, काय कुठे ठेवलेय ते सापडत नाही, तो सगळ्यांच्या पायांत येतो. त्याच्या हाताला चव आहे की नाही, हे विचारायलाही तिथे कुणाला सवड नसते. तो गावी परततो खरा, पण मन लागत नाही. अखेर कॉलेज सोडून तो पुन्हा तोक्यो गाठतो. एरी ही त्याची मैत्रीण गावीच राहते आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. शिनकानसेन या बुलेट ट्रेनने जेमतेम ५ तासांचा हा प्रवास, पण बानची फुकुओकाकडची हाकाता बोली तोक्योकरांच्या बोलण्यात सतत उठून दिसते आणि तो बाहेरचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इटालियन जेवण अंतीपास्तो, प्रिमो, सेकोन्दो आणि दोल्चे अशा क्रमाने वाढले जाते. मोठ्या रेस्तराँचा भटारखानाही त्याच क्रमाने वाटलेला असतो : सुरुवातीच्या थंड-गरम पदार्थांचा एक ओटा, पास्त्याचा दुसरा, मांस-मासळीचा तिसरा, गोडाचा वेगळा. कौशल्य जितके हाताचे तितकेच वेळेचे. पास्ता पूर्ण शिजायच्या आधीच मिठाच्या पाण्यातून काढायचा, उरलेली कसर पॅनमध्ये भरून काढायची, त्याच पाण्याची पळीभर भर घालून तेल आणि पाणी एकजीव होईपर्यंत पॅन हलवत राहायचे. मिनिटभर उशीर झाला की पास्त्याचा गिचका होतो. त्यात एकाच टेबलावरच्या चौघांनी चार वेगळे पदार्थ मागवले असले, तरी चारही ताटल्या एकदम बाहेर गेल्या पाहिजेत. म्हणजे शेजारच्या ओट्यावर काय चालले आहे, याकडे कान ठेवूनच आपला पॅन हलवायचा. घरी किंवा छोट्या खानावळीत उत्तम रांधणारा माणूस इथे का कोलमडतो, हे मालिकेने नेमके पकडले आहे.

तिची खरी ताकद मात्र पुढे आहे. भटारखान्यात थोडा जम बसतो न बसतो, तोच बानला वेटर म्हणून बाहेर पाठवले जाते. शेफ व्हायला कॉलेज सोडलेल्या मुलाला हा अपमानच वाटतो. तो कुढतो, चुका करतो, गिऱ्हाइकांसमोर तोंड पाडून उभा राहतो. हळूहळू त्याला दिसू लागते की आत ज्या ताटलीसाठी इतका आटापिटा चालतो, तिचे पुढे काय होते हे आतल्या कुणी पाहिलेलेच नसते. कोण गप्पांत रमून जेवण थंड करतो, कोणाला घाई आहे, पुढचा पदार्थ कधी सोडायचा, हे सगळे वेटरच्या नजरेवर चालते. त्यानंतर त्याची रवानगी गोडाच्या विभागात होते. म्हणजे स्वप्न घेऊन आलेला नायक मालिकेचा मोठा भाग मनाविरुद्धच्या जागी काढतो. ‘जिद्द धरली की शिखर’ हा मालिकांचा नेहमीचा चढता आलेख इथे फारसा नाही. बढती मिळण्याऐवजी बदल्या होत राहतात आणि हीच या कथेतली सर्वांत खरी वाटणारी गोष्ट आहे.

मात्सुमोतो त्या वेळी ‘आराशी’ या गायकसंघाचा सदस्य म्हणून लोकप्रिय होता. त्याच वर्षी जानेवारी ते मार्च ‘हाना योरी दांगो’च्या दुसऱ्या पर्वात त्याने गर्भश्रीमंत, उर्मट वारसदार रंगवला होता. पुढच्याच महिन्यात तो भटारखान्यात सगळ्यांची बोलणी खाताना दिसला. मालिकेचे शीर्षकगीत ‘वी कॅन मेक इट!’ हेही आराशीचेच. मालक-शेफ शिशिदोच्या भूमिकेत संगीत रंगभूमीवर नाव कमावलेले मासाचिका इचिमुरा आहेत. कुरानोसुके सासाकी, काझुकी कितामुरा, र्‍यूता सातो, युकी उचिदा आणि कारिना यांच्याही महत्त्वाच्या भूमिका आहेत. कितामुराने उभा केलेला वेटरांचा प्रमुख योनामिने बाकी सगळ्यांवर कडी करतो.

एक गोष्ट आज खटकते. सातोने रंगवलेला वरिष्ठ स्वयंपाकी कातोरी बानवर सरळ हात उगारतो आणि कथा त्याकडे उमेदवारीचाच भाग म्हणून पाहते. जपानी भटारखान्यांत वरिष्ठांचा धाक जुना आहे, तेव्हा चित्रण खोटे नाही. पण मारहाणीतून माणूस घडतो हा सूर मालिका तपासून पाहत नाही, आणि इतर बाबतीत एवढी बारकाईने पाहणारी कथा इथेच डोळेझाक करते.

जपानमध्ये इटालियन जेवणाची लाट १९८०च्या दशकाअखेरीस, भरभराटीच्या काळात आली. ‘इतामेशी’ हे तिचे बोलीतले नाव. २००७पर्यंत ही नवलाई ओसरून इटालियन रेस्तराँ शहरी जीवनाचा भाग झाली होती, म्हणूनच फुकुओकातला मुलगा इटालियन शेफ होऊ पाहतो याचे कुणाला नवल वाटत नाही. रेस्तराँवरच्या मालिकाही नव्या नव्हत्या. कोकी मितानी यांनी लिहिलेल्या ‘ओसामा नो रेस्तोरान’ने (१९९५) एका बुडत्या फ्रेंच रेस्तराँची गोष्ट अनुभवी वेटरला केंद्रस्थानी ठेवून सांगितली होती. ‘बाम्बिनो!’ संपल्यावर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २००७मध्ये, उत्तम रेस्तराँना एक ते तीन तारे देणाऱ्या मिशेलिनची तोक्यो मार्गदर्शिका प्रथमच निघाली आणि १५० रेस्तराँना मिळून १९१ तारे मिळाले. त्यानंतरचा बदल ताकुया किमुरा नायक असलेल्या ‘ग्रँड मेझाँ तोक्यो’त (२०१९) स्पष्ट दिसतो : तिथे सगळी धडपड तीन ताऱ्यांसाठी आहे. बानला मिळवायला असा कुठलाच तारा नाही, फक्त उद्याची पाळी आहे.

मूळ मंगा शोगाकुकान प्रकाशनाच्या ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ साप्ताहिकात २००४पासून येत होता. त्याला ५३वा शोगाकुकान मंगा पुरस्कार सर्वसाधारण विभागात, ‘कुरोसागी’सोबत विभागून मिळाला. १५ खंडांनंतर सेकिया यांनी २००९मध्ये ‘बाम्बिनो! सेकोन्दो’ या नावाने बानची कथा पुढे नेली. दूरचित्रवाणीवर मात्र दुसरे पर्व आले नाही.