धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट कशी मिळवावी

ट्रस्टचं रुग्णालय म्हणजे सगळं फुकट, असं नाही. पण महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. खर्च निघतो 'निर्धन रुग्ण निधी'तून. रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यात टाकायची असते.

वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, त्याहून जास्त पण ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. दुर्बल घटकाला औषधं, साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) रुग्णालयाच्या खरेदी किमतीत लावतात आणि त्यातला निदान निम्मा भाग रुग्णाला भरावा लागतो. इम्प्लांटची शस्त्रक्रिया असेल तर हा आकडा आधीच विचारून घ्या, कारण खरा खर्च तिथेच असतो.

अर्ज बिलिंग काउंटरवर नाही, रुग्णालयातल्याच वैद्यकीय समाजसेवकाकडे करायचा, आणि तोही भरतीच्या दिवशी. बहुतेक अर्ज फसतात ते इथेच: डिस्चार्जच्या वेळी लाखाचं बिल हातात आल्यावर नातेवाईक धावतात, तोवर रुग्णाची नोंद साध्या रुग्णाची झालेली असते. शिवाय स्वतंत्र खोली मागून घेतली असेल, तर सवलतीचं बोलणं अवघडच होतं.

सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड (पिवळं किंवा केशरी), रुग्णाचं आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी न्या. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. तलाठ्याचा अहवाल म्हणजे दाखला नव्हे, तो फक्त दाखल्याचा आधार. दाखल्यावर खाली छापलेली वैधतेची तारीख बघा. ३१ मार्च उलटला असेल तर एप्रिलमध्ये तोच कागद परत येतो. रेशनकार्डात सुनेचं किंवा नवजात बाळाचं नाव नसेल, तर नातं दाखवणारा दुसरा पुरावा जवळ असू द्या.

तातडीच्या रुग्णाला मात्र कागदांसाठी अडवता येत नाही. आधी भरती आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार, तेही अनामत रक्कम न घेता, कागद नंतर.

'खाटा भरल्या' किंवा 'निधी संपला' असं उत्तर आलं, तर तेच लेखी मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. पोच नसेल तर तिथला पहिलाच प्रश्न असतो, 'अर्ज केला कधी?'