पार्श्वभूमी: बंद खिडक्या, फॉर्माल्डिहाइड आणि कुंडीतलं रोप

घरातली रसायनं कमी करायला सांगणाऱ्या कुठल्याही यादीत व्हिनेगर, खायचा सोडा, लिंबू आणि हवा शुद्ध करणारी रोपं ही चौकडी ठरलेली असते. पहिल्या तिघांचा इतिहास सरळ आहे. रोपांचा नाही, आणि सगळ्यात जास्त विश्वास बसला आहे तो नेमका रोपांवरच.

घरात विष असणं ही काही नवी गोष्ट नव्हे. 19व्या शतकात भिंतींच्या कागदाला येणारा गर्द हिरवा रंग आर्सेनिकचा होता. घरांच्या आतल्या भिंतींना शिशाचा पांढरा रंग लावू नये, असा आंतरराष्ट्रीय करार 1921 मध्ये झाला, तरी अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी यायला 1978 उजाडलं. आजच्या चर्चेतली रसायनं मात्र बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतर घरात शिरली. पेट्रोलियमपासून बनलेली द्रावकं, फवारे, गालिच्यांचे आणि फर्निचरचे गोंद. त्यात मुख्य फॉर्माल्डिहाइड, कारण प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड चिकटवणारा युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद वर्षानुवर्षं हा वायू थोडा थोडा सोडत राहतो.

पण गोष्ट बिघडली ती 1973 च्या तेलटंचाईनंतर. इंधन वाचवायचं म्हणून इमारती हवाबंद होऊ लागल्या. अमेरिकेत बाहेरच्या ताज्या हवेचं प्रमाण माणशी मिनिटाला सुमारे 15 घनफूट धरायची पद्धत होती, ते 5 वर आणलं गेलं. जोडीला भिंतींच्या पोकळीत फॉर्माल्डिहाइडयुक्त फेस भरायची टूम निघाली. कॅनडाने 1980 मध्ये या फेसावर बंदी घातली. अमेरिकेने 1982 मध्ये घातली, ती पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकली नाही. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, घशाची खवखव, आणि इमारतीबाहेर पडलं की बरं वाटणं, या तक्रारींना ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ हे नाव मिळालं ते याच सुमारास.

अंतराळ संशोधकांसमोर हाच प्रश्न आधी येऊन ठेपला होता. अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या 1973 च्या अंतराळस्थानकातल्या हवेत शंभराहून अधिक बाष्पशील, म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी, रसायनं सापडली होती, आणि तिथे खिडकी उघडायची सोय नव्हती. म्हणून ‘नासा’ या अमेरिकी अंतराळ संस्थेत रोपांवर प्रयोग सुरू झाले आणि रोपं हवा शुद्ध करतात या समजाचं मूळ असलेला तो प्रसिद्ध अहवाल 1989 मध्ये आला. या कामाला बागकाम व्यावसायिकांच्या एका संघटनेची साथ होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रयोग कसा होता ते नीट बघायला हवं. साधारण अडीच फूट लांबी-रुंदीची पारदर्शक प्लास्टिकची पेटी. आत एक कुंडी. पेटी बंद करून त्यात बेंझीन, ट्रायक्लोरोइथिलीन किंवा फॉर्माल्डिहाइड सोडायचं आणि 24 तासांनी किती उरलं ते मोजायचं. प्रमाण घटलं, यात शंका नाही. पण पानं काढून टाकली तरी मुळं आणि माती बरंचसं काम करत राहिली, म्हणजे श्रेय मुळांभोवतीच्या जंतूंचंही होतं. सर्वांत चांगला निकाल मिळाला तो मुळांजवळ सक्रिय कोळसा (वायू शोषून घेणारा खास कोळसा) भरून पंख्याने हवा खेचणाऱ्या यंत्रणेला. प्रचारात कोळसा गळाला, पंखा गळाला, बंद पेटीही गळाली. उरलं ते दर 100 चौरस फुटांना एक कुंडी. अहवाल खोटा नव्हता. तो घराबद्दल नव्हता, एवढंच.

2019 मध्ये अशा 12 अभ्यासांतल्या 196 प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. इमारतीत एरवीच जी हवा आत-बाहेर होते, तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपं लागतील, असं त्यातून निघालं. 50 चौरस मीटरच्या घरात किमान 500 कुंड्या! आणि याला योगायोग म्हणा: त्याच 1989 मध्ये अमेरिकेतलं ताज्या हवेचं मानक 5 वरून पुन्हा किमान 15 घनफुटांवर नेलं गेलं. घरातल्या हवेच्या दृष्टीने त्या वर्षीची मोठी घटना खरं तर ही. तिचं पोस्टर कोणी छापलं नाही. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असं वर्गीकरण 2004 मध्ये झालं.

बाकीच्या नैसर्गिक पर्यायांचं थोडक्यात. व्हिनेगर पांढरे क्षार काढतं, सोडा घासायला उत्तम. दोन्ही एकत्र केलं की फसफसतं छान, पण उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. व्हिनेगर ब्लीचमध्ये पडलं तर मात्र क्लोरीन वायू निघतो. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हे सुगंधी द्रव्य हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड तयार करतं, म्हणजे जे घालवायचं तेच. अशा याद्यांतला जुना मानकरी बोरॅक्स (टाकणखार) युरोपात आता प्रजननाला घातक पदार्थांत मोडतो.

नैसर्गिक पर्यायाने खरोखर फरक पडला तो प्लायवूडच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही. 1920-30 च्या दशकांत प्लायवूडला सोयाबीनच्या पिठाचा गोंद लागत असे. स्वस्त आणि पाण्याला अधिक टिकणाऱ्या युरिया-फॉर्माल्डिहाइडने तो बाजूला सारला. 2005 च्या सुमारास सोयाचा सुधारित गोंद पुन्हा बाजारात आला. खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या प्रथिनावरून त्याची कल्पना सुचली होती. त्यानंतर कायदाही कडक झाला: 2018 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा फळ्यांना, मग त्या कुठेही बनोत, फॉर्माल्डिहाइडच्या उत्सर्जनाची मर्यादा पाळावी लागते.