जुन्या हँडहेल्ड गेममधले दोष

हातात धरून खेळायच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक गेममध्ये, साधारण 1976 ते 1990 या काळातल्या, मुळातच राहून गेलेल्या चुका असा या नोंदीचा विषय. आराखड्यात झालेली चूक, कारखान्यात बनवताना झालेली चूक आणि हवेमुळे-वयामुळे आलेली खराबी ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. ठाणे-नवी मुंबईत दुरुस्तीला आलेल्या सेटबद्दल तिन्हींना सरसकट ‘डिस्प्ले गेला’ म्हणून टाकतात आणि मग नीट होण्यासारखे सेटही भंगारात जातात, हे फार वाईट होतं.

पहिला पूर्ण इलेक्ट्रॉनिक हँडहेल्ड म्हणून मॅटेलचा ऑटो रेस धरतात, साल बहुतेक ठिकाणी 1976 दिलेलं असतं, काही जण 1977 म्हणतात. लाल एलईडीचे हे सेट टिकाऊ निघाले. प्रोग्राम मात्र चिपमध्येच कायमचा कोरलेला, ऑटो रेसचा तर जेमतेम 512 बाइटचा, त्यामुळे एखादी चूक राहिली तर विकलेल्या सेटमध्ये ती सुधारायची सोयच नाही.

दोषांचा खरा अभ्यास करायचा तर मिल्टन ब्रॅडलीचा मायक्रोव्हिजन (1979, रचनाकार जे स्मिथ) बघावा. कार्ट्रिज, म्हणजे गेम असलेली काढता-घालता येणारी डबी, बदलता येणारा हा पहिला हँडहेल्ड, स्क्रीन 16×16 ठिपक्यांचा. यात प्रोसेसर सेटमध्ये नाही तर प्रत्येक कार्ट्रिजमध्ये, आणि त्याच्या पिना थेट बाहेरच्या तांब्याच्या पट्ट्यांना जोडलेल्या, स्थिर विजेपासून काहीच संरक्षण नाही, म्हणजे पट्टीला बोट लागलं तरी चिप मरू शकते. बटणांवर कार्ट्रिजचं पातळ छापील प्लास्टिक यायचं, ते दाबून दाबून ताणायचं आणि फाटायचं. त्यात सुरुवातीच्या बऱ्याच गेममध्ये बटण सोडल्यावरच प्रतिसाद मिळायचा, मग माणूस आणखी जोरात दाबणारच. आधी 9 व्होल्टचे दोन सेल समांतर जोडलेले होते, भरलेला सेल कमी भरलेल्यात करंट ढकलायचा आणि दोन्ही तापायचे, म्हणून नंतर एका सेलची जोडणीच काढून टाकली आणि ती जागा जादा सेल ठेवायला राहिली. या सगळ्या आराखड्याच्या चुका.

वाद आहे तो स्क्रीन सडण्याबद्दल. मायक्रोव्हिजनच्या काचेत काळे डाग पसरतात आणि ते परत जात नाहीत. एक मत असं की काचेत भरलेलं, आकृत्या दाखवणारं तेव्हाचं द्रव स्फटिकच कच्चं होतं, उन्हात-उष्णतेत बिघडायचं. दुसरं मत दोष काचेच्या कडेच्या सीलला आणि भरताना आत गेलेल्या अशुद्धीला देतं. ब्रिटनमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने सायनोबायफिनाइल नावाची टिकाऊ द्रव स्फटिकं 1973च्या सुमारासच पुढे आणली होती, शिवाय त्याच काळातल्या कितीतरी घड्याळांच्या काचा आजही शाबूत आहेत, त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. तसं असेल तर तो उत्पादनदोष ठरतो. उन्हात तापून सगळा स्क्रीन काळा होणं हे मात्र वेगळं, थंड झाल्यावर बरेचदा तो पूर्ववत होतो, तेव्हा लगेच उघडून बसू नये.

आपल्याकडे जास्त दिसतो तो पोलरायझरचा, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या, प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या फिल्मचा बिघाड. निन्टेन्डोचे गेम अँड वॉच (1980पासून, गुनपेई योकोई) आणि त्यांच्यासारखे बटन सेलवाले गेम बऱ्याच घरांत आखातातल्या मामा-काकांच्या बॅगेतून आले आणि पुढे माळ्यावर पडून राहिले. पोलरायझरची फिल्म आयोडीन आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, वर ॲसिटेटचा थर, आणि उष्णता व दमट हवा दोन्ही तिचे शत्रू. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे खाडी लागूनच, त्यात चार महिने पावसाळा, त्यामुळे कळवा, वाशी, कोपरखैरणे या पट्ट्यात फिल्म पिवळी पडणं, बुडबुडे येणं, व्हिनेगरसारखा वास येणं हे होतंच. पण काच आतून बरी असते! जुनी फिल्म सोलायची, गोंद आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचा, नवी फिल्म फिरवून आकडे गडद दिसतील तो कोन धरून कापायची.

आकड्याचा एखादाच भाग दिसत नसेल तर काच आणि बोर्डमधली, वीज पोचवणारी रबरी झेब्रा पट्टी पुसून बघावी, तिथेच धूळ किंवा बुरशी असते. निन्टेन्डोच्या 1989च्या गेम बॉयमध्ये उभ्या रेघा जातात त्या काचेवरच्या रिबनची (चपट्या वायरच्या पट्टीची) पकड सुटल्यामुळे, सोल्डरिंग आयर्नच्या हलक्या उबेने त्या परत येऊ शकतात. सेगाच्या गेम गियरला (1990) सहा पेन्सिल सेल लागतात आणि तेही काही तासांत संपतात, पण त्याचा मोठा दोष म्हणजे पाझरणारे कपॅसिटर (बोर्डवरचे वीज साठवणारे छोटे भाग), ते सगळेच बदलावे लागतात.

नव्वदच्या दशकातला ब्रिक गेम (स्क्रीन 10×20 चौकोनांचा) या काळानंतरचा. ‘9999 इन 1’ छापलेलं असलं तरी त्यातले बहुतेक गेम म्हणजे मोजक्याच खेळांचे वेग आणि पातळ्या. चिप काळ्या इपॉक्सीच्या (घट्ट राळेच्या) थेंबाखाली असते, ती गेली की सेट गेला.

सेल पाझरला असेल तर अल्कलाइन सेलच्या पांढऱ्या खरवडीवर थोडं व्हिनेगर लावावं, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावं आणि पावसाळ्यात गेम वापरात नसेल तर सेल काढूनच ठेवावेत.