अचूक दिसणे आणि खरे वाटणे

रुग्णवाहिका, कॅज्युअल्टी किंवा अग्निशमन दल यांच्यावरची एखादी मालिका पाहून झाली की ‘अगदी खरे दाखवले आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. या एका शिफारशीत दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक गोष्ट कामाच्या तपशिलाची आहे: नळी कशी घातली, औषध कोणते मागवले, जवानाने मुखवटा कधी चढवला. दुसरी गोष्ट ते काम करणाऱ्या माणसाची आहे: वर्षानुवर्षे हे करणारा माणूस असा बोलतो का, असा थकतो का, घरी गेल्यावर असा गप्प बसतो का. पहिलीला मी इथे अचूकपणा म्हणतो आणि दुसरीला वास्तव. अचूकपणा जाणकार सल्लागार नेमून आणता येतो. वास्तव व्यक्तिरेखेच्या घडणीतून आणि झिजेतून येते, आणि त्यासाठी लेखकाला स्वतःच खपावे लागते. चांगल्या मालिकांत ही दोन्ही हातात हात घालून वावरतात, म्हणून गल्लत होते. पण एक असून दुसरे नसण्याची उदाहरणेही काही थोडी नाहीत.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर सगळे ज्यांना भाई म्हणतात, ते गृहस्थ १०८ च्या रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे रुग्णावर वाटेत प्रथमोपचार करणारे तंत्रज्ञ, आहेत. गोव्यात ही सेवा २००८ साली सुरू झाली. गाडी चालवणाऱ्याला तिथे ‘पायलट’ म्हणतात, हे मला भाईंमुळेच ठाऊक झाले. पावसाळ्यातल्या एका रविवारी ते आमच्या सोप्यावर येऊन बसले असताना टीव्हीवर कुठली तरी हॉस्पिटलची मालिका चालू होती. पडद्यावरच्या यंत्रातली रेघ सपाट झाली, लांबलचक सूर लागला, डॉक्टरने दोन पॅडल एकमेकांवर घासली, रुग्णाचे धड वीतभर उसळले आणि रेघ पुन्हा नाचू लागली. भाई हसले. म्हणाले, “सर, सपाट रेघेला झटका देत नाहीत.”

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विजेचा झटका हा बंद पडलेले हृदय सुरू करणारा किल्लीचा पिळा नाही. हृदयाचे खालचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरू लागतात, तेव्हा तो गोंधळ एकदम थांबवून हृदयाला स्वतःचा ताल पुन्हा धरायला वाव देणे, हे झटक्याचे काम आहे. रेघ सपाट असते तेव्हा थांबवायला गोंधळच नसतो; तिथे छाती दाबत राहायचे, अ‍ॅड्रिनॅलिन द्यायचे आणि मूळ कारण शोधायचे. छाती दाबायची तीही मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल. एवढ्या जोराने दाबताना पुष्कळदा बरगडी मोडते आणि दाबणाऱ्याचा दम दोन मिनिटांत उतरतो, म्हणून माणसे आळीपाळीने बदलावी लागतात. मालिकेतला नट कोपर वाकवून हळुवार दाबतो, कारण खाली झोपलेला दुसरा नट जिवंत असतो. या चुकीबद्दल त्याला दोष देणे कठीण आहे.

परंतु अशा चुका मोजून मालिकेची सत्यता ठरत नाही, आणि याचा उत्तम पुरावा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागावरच्या ‘ईआर’ या अमेरिकी मालिकेनेच दिला आहे. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या मायकेल क्रायटन यांनी निर्माण केलेली ही मालिका सप्टेंबर १९९४ मध्ये सुरू झाली आणि पंधरा हंगामांनंतर एप्रिल २००९ मध्ये संपली. तिच्या जलद कॅमेऱ्याचे आणि डॉक्टरी भाषेच्या भडिमाराचे फार कौतुक झाले. तरीही १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला, ज्यात ‘ईआर’सह तीन अमेरिकी कार्यक्रमांतले सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून रुग्णाला वाचवण्याचे, प्रसंग मोजले होते. पडद्यावर ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचत होते आणि ६७ टक्के बरे होऊन घरी जात असल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात, अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही, रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या दहा जणांपैकी जेमतेम एक जण घरी परततो. म्हणजे अचूकपणाच्या परीक्षेत, निदान या एका विषयात, ही गाजलेली मालिका नापासच होती.

वास्तवाच्या परीक्षेत मात्र तिचे चित्र वेगळे आहे. जॉन कार्टर हा पहिल्या भागात गोंधळलेला वैद्यकीय विद्यार्थी म्हणून येतो, जखमा पाहून त्याला मळमळते आणि तो बाहेर जाऊन बसतो. पुढे तो शिकतो, चुकतो, सरावतो. २००० सालच्या भागांत एका मनोरुग्णाच्या हल्ल्यात त्याला भोसकले जाते आणि त्याच्या हाताखालची विद्यार्थिनी मरते. लेखकांचे कसब दिसते ते यापुढे. जखम भरते, पण वेदनाशामकांची सवय राहते. तो कामात चिडचिडा होतो, लपवाछपवी करतो, आणि शेवटी सहकारीच त्याला घेरून उपचारांना जायला भाग पाडतात. परत आल्यावरचा कार्टर पूर्वीसारखा उत्साही नसतो, पण घाबरलेल्या विद्यार्थ्याजवळ थांबायला त्याला वेळ असतो. एका घटनेचे ओझे पुढच्या अनेक भागांत त्याच्या वागण्यात उतरत गेले, म्हणून तो बदल पटतो.

त्याच मालिकेत उलट उदाहरणही आहे. रॉबर्ट रोमानो या तिखट जिभेच्या शल्यविशारदाचा हात २००२ मध्ये हेलिकॉप्टरच्या पात्यात सापडून तुटतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात जाणे ही मोठी गोष्ट आहे आणि त्यानंतरचे त्याचे कडवट होत जाणे काही काळ नीट हाताळलेलेही आहे. पण पुढच्याच वर्षी दुसरे हेलिकॉप्टर थेट त्याच्या अंगावर कोसळते आणि विषय संपतो. तो प्रसंग प्रेक्षक विसरत नाहीत, हे खरे. मात्र त्यातून रोमानोबद्दल आपल्याला नवीन काहीच कळत नाही. व्यक्तिरेखेवर संकट आणणे आणि व्यक्तिरेखा वाढवणे यांतले अंतर मला याहून स्वच्छ कुठे दिसलेले नाही.

इथे आमच्याकडच्या उत्सवी नाटकांची आठवण होते. जत्रेच्या रात्री, दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांच्या मधे नायकाच्या कानशिलांवर पांढरी पावडर चोपडत, आणि पडदा उघडला की वीस वर्षे गेली हे साऱ्या मंडपाला कळे. चालणे, बोलणे, रागावणे सगळे पहिल्या अंकातलेच असे. आम्हाला त्यात काही खटकत नसे, कारण नाटकाशी तसा करारच होता. वास्तवाचा दावा करणाऱ्या मालिकेने तीच पावडर लावली की खटकते. घटस्फोट, अपघात, मित्राचा मृत्यू, पुन्हा घटस्फोट, एवढे सगळे एकाच जवानावर तीन हंगामांत येऊन जाते आणि तो पुढच्या सोमवारी तसाच विनोद करत केंद्रात शिरतो, तेव्हा ती पावडरच असते.

अचूकपणा आहे पण व्यक्तिरेखेची वाढ जवळजवळ नाही, असेही असू शकते, आणि ते टाकाऊ असतेच असे नाही. १९७२ ते १९७७ या काळातल्या ‘इमर्जन्सी!’ या मालिकेत लॉस एंजेलिस परगण्याच्या अग्निशमन दलातले गेज आणि डिसोटो हे दोन पॅरामेडिक, म्हणजे घटनास्थळीच उपचार सुरू करणारे प्रशिक्षित कर्मचारी, होते. घटनास्थळावरून रेडिओने रुग्णालयाशी बोलायचे, नाडी आणि रक्तदाब सांगायचा, डॉक्टरची परवानगी मिळाल्यावरच सलाईन लावायचे, हा क्रम तिने इतक्या नेमाने दाखवला की पॅरामेडिक म्हणजे काय हे तेव्हा ठाऊक नसलेल्या अमेरिकी घरांना तो जणू पाठ झाला. ते दोघे मात्र शेवटपर्यंत साधारण पहिल्या भागातलेच राहिले. या मालिकेने लोकांना एका नव्या सेवेची ओळख करून दिली, आणि तेवढे मला पुरेसे वाटते. आजच्या मालिकेला ती सवलत मी देणार नाही.

आगीच्या दृश्यांत अचूकपणा आणि पाहण्याची सोय यांचे भांडण सर्वांत उघड असते. खऱ्या बंद खोलीतल्या आगीत धूर एवढा दाट असतो की स्वतःचा हात दिसत नाही. जवान गुडघ्यांवर, भिंत चाचपत पुढे सरकतात. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की शिटी वाजू लागते आणि बाहेर पडावेच लागते. मालिकेत ज्वाळा सोनेरी असतात, खोली उजळलेली असते आणि नायक नेमका महत्त्वाच्या संवादाला मुखवटा काढतो. चेहरा दिसला नाही तर अभिनय कसा दिसणार, हा दिग्दर्शकाचा प्रश्न रास्त आहे. मला अधिक खटकते ते वेगळेच: रोजचा कंटाळा कुठेच नसतो. गोव्यात पावसाळ्यात अग्निशमन दलाचे बरेचसे दिवस रस्त्यावर आडवी पडलेली झाडे कापण्यात जातात, मधूनच कुणाची गाय विहिरीतून काढावी लागते. करवत चालवून अंग भिजलेले असताना तिसऱ्या झाडाचा कॉल येणे, हेही त्या माणसाला घडवतच असते.

काळाची मदत घेतली तर काय होते ते पाहायचे असेल, तर बीबीसीची ‘कॅज्युअल्टी’ आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत चार्ली फेअरहेड या परिचारकाची भूमिका डेरेक थॉम्पसन यांनी २०२४ पर्यंत केली. त्यांना पावडर लावावी लागली नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला जानेवारी २०२५ मध्ये आलेली ‘द पिट’ उभी आहे. पिट्सबर्गच्या एका रुग्णालयातली पंधरा तासांची एकच पाळी, एक तास म्हणजे एक भाग, असे तिच्या पहिल्या हंगामाचे पंधरा भाग आहेत. तिच्या लेखकांत जो सॅक्स हे स्वतः आपत्कालीन विभागाचे डॉक्टर आहेत, त्यामुळे तपशील चोख आहेत. पण एका दिवसात माणूस कितीसा बदलणार? लेखकांनी तो बदलत असल्याचे दाखवलेलेच नाही. कोविडच्या काळापासून मालिकेचा नायक डॉक्टर रॉबीने आत दाबून ठेवलेले तासातासाने वर येऊ दिले आहे. पहिल्या भागात रात्रपाळीचा डॉक्टर अ‍ॅबट रुग्णालयाच्या गच्चीच्या कडेला उभा असतो आणि रॉबी त्याच्याशी बोलतो. शेवटच्या भागात त्याच कडेला रॉबी असतो आणि बोलणारा अ‍ॅबट. कोणताही मोठा संवाद न टाकता जागांची ही अदलाबदल जे सांगते, ते डॉक्टरी शब्दांच्या भाराने सांगता आले नसते.

भाईंना मी ही मालिका मुद्दाम दाखवली. सुरुवातीचे भाग त्यांनी तपासनिसाच्या नजरेने पाहिले; पट्टा बरोबर आहे, ही नळी इतक्या लवकर बसत नाही, असे चालले होते. मग गोळीबारातल्या जखमींची रीघ लागते, आणि शवागार म्हणून वापरलेल्या, भिंतींवर प्राण्यांची चित्रे असलेल्या मुलांच्या खोलीत रॉबी जमिनीवर कोसळून रडतो, तो प्रसंग आला. भाई बोलायचे थांबले. पुढच्या भागात एक शिकाऊ विद्यार्थी त्याला तिथे शोधून काढतो आणि बाहेर तुमची गरज आहे असे सांगून उठवतो. “हे बरोबर आहे,” भाई एवढेच म्हणाले. मला वाटले ते रडण्याबद्दल बोलत आहेत. थोड्या वेळाने चहाचा कप खाली ठेवत त्यांनी सांगितले, की तो पोरगा समजूत घालत बसला नाही, कामावर घेऊन गेला, ते बरोबर आहे. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रुग्ण सोपवून झाल्यावर गाडी धुवायची असते आणि तेवढ्यात फोन वाजतो.