माईक मान का टाकतो?

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, रंगात आली होती. बुवांनी गजर उचलला, झांजा तापल्या, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या तोंडासमोरचा माईक हळूहळू खाली झुकायला लागला. बुवांचा एक हात पेटीच्या सुरांवर, दुसरा भात्यावर. माईक वर करायचा कोणी? बुवा वाकून माईकच्या मागे मागे जात राहिले. शेवटी कोरसमधला एक पोरगा पुढे सरकला आणि अख्खा गजर स्टँडची दांडी हातात धरून बसला. देवगडकडच्या आमच्या वाडीत गणपतीत हे मी बघितलं, आणि मंडळाचा पुढचा स्टँड निवडायचं काम अंगावर घेतलं.

माईक वीतभर खाली गेला तर एवढं काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. तोंडापासून १० सेंटिमीटरवर असलेला माईक २० सेंटिमीटरवर गेला की त्याच्यापर्यंत पोचणारा आवाजाचा दाब निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबलने घटतो. त्याच वेळी तो पेटीच्या जवळ गेलेला असतो, त्यामुळे पेटी वाढते आणि शब्द बुडतात. मग साऊंडवाला आवाज चढवतो आणि माईक शिटी मारतो. लोक मशिनला नावं ठेवतात, पण दोष बऱ्याचदा दांडीच्या सांध्यात असतो.

पेटीवर बसणाऱ्याला सरळ स्टँड चालत नाही, कारण स्टँड जिथे उभा राहायला हवा तिथे पेटी असते. म्हणून बूम स्टँड: बाजूला उभा खांब आणि त्यावरून पेटीच्या डोक्यावरून पुढे येणारी आडवी दांडी. पण दांडी आडवी झाली की वजनाचा हिशोबच बदलतो. आपल्याकडे विहिरीवर लाट असायची. एका टोकाला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला. तो दगड नसता तर भरलेलं भांडं वर ओढताना खांदे निखळले असते. बूम स्टँड म्हणजे तीच लाट, फक्त बहुतेक वेळा दगडाविना.

आकडे मांडून बघू. भजनात हमखास दिसणारा शुअर एसएम५८ हा माईक २९८ ग्रॅमचा, ३०० धरू. तो सांध्यापासून ७५ सेंटिमीटरवर असेल तर सांध्यावर पीळ पडतो ०.३ गुणिले ७५, म्हणजे साडेबावीस किलो-सेंटिमीटर. हा पीळ अडवतात सांध्यातल्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्या, केवळ घर्षणाच्या जोरावर. चकतीची त्रिज्या २ सेंटिमीटर असेल तर तिच्या कडेवर सव्वाअकरा किलोची ओढ बसते. पाव किलोपेक्षा जरा जड वस्तूसाठी सव्वाअकरा किलो! चकती ३ सेंटिमीटर त्रिज्येची असेल तर हीच ओढ साडेसात किलोवर येते. म्हणून दुकानात गेलात की आधी सांधा बघा. मोठी चकती, मध्ये रबराचा किंवा फायबरचा वॉशर, आणि मुठीत नीट मावणारा नॉब. बारीक प्लास्टिकचा नॉब असला की माणूस चिडून जास्त पिळतो. त्यात एक तर आटे जातात नाहीतर नॉबच तडकतो.

लाटेचा दगड इथेही लावता येतो. दांडीच्या मागच्या टोकाला, सांध्यापासून साधारण २२ सेंटिमीटरवर, १ किलोचं वजन बांधा: २२ इकडे, साडेबावीस तिकडे. चकतीवरचा भार जवळजवळ संपला. काही स्टँडना असं वजन कंपनीकडूनच येतं. नसेल तर छोट्या पिशवीत खडी भरून लटकवली तरी पुरे. किनाऱ्यावरची वाळू मात्र भरू नका. तिच्यात मीठ असतं आणि ओल धरली की तेच पाणी नळीवर ठिबकतं.

आता पाय. इथे मला स्वतःला सगळ्यात आश्चर्य वाटलं. तीन पायांचा स्टँड सगळीकडून सारखाच भक्कम असेल असं आपण धरून चालतो. पाय मध्यापासून ३० सेंटिमीटर पसरलेले आहेत असं समजा. दांडी एका पायाच्या बरोबर वर असेल तर स्टँडला कलंडायला त्या पायाच्या टोकावरून, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून जावं लागतं. पण दांडी दोन पायांच्या मधोमध आली तर त्या दोन टोकांना जोडणारी रेष मध्यापासून फक्त १५ सेंटिमीटरवर असते. आधार थेट निम्मा.

स्टँड अडीच किलोचा, आणि ७५ सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला जड स्टुडिओ माईक त्याच्या स्प्रिंगच्या पिंजऱ्यासकट ८०० ग्रॅमचा आहे असं धरा (दांडीचं स्वतःचं वजन सोडून देऊ). दांडी दोन पायांच्या मध्ये: स्टँडला धरून ठेवणारा पीळ २.५ गुणिले १५, म्हणजे साडेसदतीस; पाडणारा ०.८ गुणिले त्या रेषेपलीकडचे ६०, म्हणजे ४८. स्टँड पडला. तोच स्टँड फिरवून एक पाय दांडीच्या खाली आणा: धरणारा ७५, पाडणारा ३६. एक पैसा खर्च नाही, वजन तेवढंच, आणि स्टँड खुशाल उभा. आपल्या लहान होड्यांना बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांवर बांधलेलं तरतं लाकूड असतं. भार ज्या अंगाला कलणार, तिकडे आधार लांबवायचा, ही समज कोळ्यांना पिढ्यानपिढ्या आहे.

तीन पायांचा आणखी एक गुण आपल्याकडे फार कामाला येतो. सारवलेलं खळं, जांभ्याची फरशी, देवळाचा झिजलेला चौथरा, यातलं काहीच सपाट नसतं. तीन टोकं कुठल्याही उंचसखल जागी एकदम टेकतात; चौथं आलं की डुगडुगतं. जड गोल तळाचा स्टँड सिमेंटच्या सभागृहात छान, मांडवात नाही.

दांडीची लांबी हवी तेवढीच ठेवा. टोकावर तेवढंच वजन असताना लांबी दुप्पट केली की दांडीचा बाक आठपट होतो, कारण तो लांबीच्या घनाने वाढतो. जाडीचंही तसंच: पत्रा तितकाच ठेवून नळी २० मिलीमीटरऐवजी २५ची घेतली तर ताठपणा जवळपास दुप्पट होतो. बारीक नळी पखवाजाच्या थापेसरशी थरथरते आणि ती थरथर माईकमधून घुमते. पायांचे रबरी बूट त्यासाठीच असतात. एक जरी गळलं तरी लगेच नवं बसवा.

पण कोकणात स्टँडचा खरा वैरी आहे खारा वारा. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर बहुतेक दिवस आर्द्रता त्याच्या वरच असते. स्टँडवर बसलेल्या मिठाच्या न दिसणाऱ्या कणांचंही हेच होतं. त्या खारट थेंबाखाली लोखंड झपाट्याने गंजतं. चकचकीत क्रोमचा मुलामा केसाहून बारीक असतो; एक ओरखडा पडला की गंज आतून पसरतो. जाड पावडर कोटिंगचा काळा स्टँड मी जास्त पसंत करतो. दिसायला साधा, पण टिकतो.

कार्यक्रम झाला की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने स्टँड पुसायचा, नळ्या बाहेर ओढून सुकवायच्या आणि मगच मिटायचा. ओला मिटलेला स्टँड पुढच्या वर्षी उघडतच नाही. तेल लावायचं ते शिलाई मशीनचं, तेही फक्त स्क्रूच्या आट्यांना आणि पायांच्या बिजागऱ्यांना. चकतीला आणि आतल्या सरकत्या नळीला अजिबात नाही. तिथलं घर्षण हाच आपला आधार. खोबरेल तर नकोच, ते थंडीत गोठतं.

आम्ही नवा स्टँड घेतला तो असा. दुकानात दांडी पूर्ण लांब केली, एक पाय तिच्या खाली आणला आणि टोकाला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधली, म्हणजे माईकच्या दीडपटीहून जास्त वजन. मागच्या भिंतीवर टोकाच्या उंचीला पेन्सिलीने खूण केली आणि दहा मिनिटं बोलत बसलो. पहिला स्टँड चार बोटं उतरला. दुसरा दोन बोटं. तिसऱ्याची बाटली खुणेवरून हलली नाही.