ऑनलाइन जुगार आणि बँक खातं: पेमेंट अडलं, खातं गोठलं किंवा स्वतःच बंद करायचं असेल, तर अर्ज कुठे आणि कागद कोणते

अर्ज लिहायला बसण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. अडलंय काय, पेमेंट की खातं? शाखेत येणारे बहुतेक जण “अकाउंट ब्लॉक झालंय” एवढंच सांगतात. पण कुणाचं नुसतं एक पेमेंट नाकारलेलं असतं, कुणाच्या खात्यातली ठरावीक रक्कम रोखलेली असते, तर कुणाचं सगळंच खातं पोलिसांच्या सूचनेवरून गोठलेलं असतं. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत. चुकीच्या दारावर महिनाभर थांबून परत आलेली माणसं पाहिली की जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पेमेंटच नाकारलं असेल तर

ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचा केंद्रीय कायदा संसदेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून पैसे जिंकण्याचा कुठलाही ऑनलाइन खेळ त्यात येतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्यापुरता मिटला, दोन्ही सारखेच. आपल्या विषयाशी संबंध येतो तो कलम ७ चा. अशा खेळांसाठीचे व्यवहार बँका, वित्तीय संस्था आणि पेमेंट कंपन्यांनी करायचे नाहीत, होऊही द्यायचे नाहीत. मोडल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे “साहेब, एवढं एक पेमेंट जाऊ द्या” असा अर्ज शाखाधिकाऱ्याला देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात ते नाहीच.

बँकेला हे कळतं कसं? प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याचा चार आकडी कोड असतो. सट्टा, लॉटरी, कॅसिनोसाठी ७९९५ आणि डिजिटल गेमच्या विक्रीसाठी ५८१६. यंत्रणा तो कोड पाहून व्यवहार अडवते. परदेशी साइटला कार्डाने पैसे पाठवायचा प्रयत्न असेल तर आणखी एक नियम आडवा येतो, आणि तो बराच जुना आहे. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटं आणि फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशा पैजांसाठी भारतातून पैसे पाठवायला मुळातच बंदी आहे. वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवण्याची जी मुभा व्यक्तीला आहे, ती यासाठी वापरता येत नाही. फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

दोन बाबतीत मात्र तक्रार करण्यात अर्थ आहे. पहिली, खात्यातून पैसे वजा झाले पण समोर पोचले नाहीत. व्यापाऱ्याला केलेलं यूपीआय पेमेंट असं लटकलं तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. दुसरी, व्यवहार कायदेशीर असूनही अडला. ई-स्पोर्ट्स स्पर्धेची प्रवेश फी किंवा पैसे न लावता खेळायच्या गेमची वर्गणी, हे कायद्याने बंद केलेलं नाही. अशा वेळी बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत तक्रार नोंदवा. सोबत व्यापाऱ्याचं नाव, तारीख-वेळ, १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक आणि बिल किंवा नोंदणीची पावती द्या. एवढं पुरतं.

खातं गोठलं असेल तर

खरा त्रास इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बंदी घातलेल्या साइट्स स्वतःच्या नावाच्या खात्यात पैसे घेत नाहीत. भाड्याने घेतलेल्या, कुणा गरजू माणसाच्या नावावरच्या खात्यांतून त्या पैसे फिरवतात. आज एक यूपीआय आयडी, संध्याकाळी दुसरा. त्याच खात्यांतून फसवणुकीचा पैसाही वाहत असतो. समजा, एखाद्या आजोबांना कुणीतरी व्हिडिओ कॉलवर धमकावून लुटलं. ते १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करतात. पैसा कुठून कुठे गेला याचा माग पायरी-पायरीने काढला जातो आणि त्या साखळीतल्या प्रत्येक खात्यावर रक्कम रोखण्याची सूचना जाते. तुम्ही साइटवर जिंकलेले म्हणून काढून घेतलेले ४,००० रुपये त्या आजोबांचे असू शकतात. तुम्हाला ते माहीत नव्हतं, हे खरं असलं तरी खातं साखळीत आलेलं असतं.

एक बाई शाखेत आल्या होत्या, हातात पासबुक आणि मुलाचा मोबाइल. मुलाच्या पगाराच्या खात्यातून घरभाडं जात नव्हतं. स्टेटमेंट काढलं तेव्हा एक ओळ दिसली: अनोळखी व्यक्तीच्या नावावरून यूपीआयने ३,२०० रुपये जमा, रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी. त्याआधीच्या तासाभरात सहा वेगवेगळ्या नावांना ५००-५०० रुपये गेलेले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि मुलाला फोन लावला.

अशा वेळी सगळ्यात आधी बँकेला लेखी विचारा. खात्यावर अटकाव कसला आहे, हा पहिला प्रश्न. ठरावीक रकमेवर लीन लावलं असेल (म्हणजे तेवढीच रक्कम रोखून ठेवली असेल) तर बाकीचे पैसे वापरता आले पाहिजेत. डेबिट फ्रीझ असेल तर जमा होतं, निघत नाही. पूर्ण फ्रीझ असेल तर दोन्ही बंद. दुसरा प्रश्न: सूचना कुणाची? राज्य, पोलीस ठाणं, तक्रारीचा पोचक्रमांक, पत्राची तारीख आणि कुठल्या व्यवहारावर बोट आहे. ठाणं बहुतेक वेळा परराज्यातलं निघतं, कारण तक्रारदार तिकडचा असतो. घाबरून लगेच गाडीत बसू नका. आधी ईमेल करा.

शाखेत द्यायच्या अर्जाचा मजकूर साधा ठेवा. साधारण असा:

“प्रति, शाखाधिकारी. विषय: बचत खाते क्र. … वरील अटकावाचा तपशील मिळण्याबाबत. महोदय, माझ्या वरील खात्यातून दि. … पासून व्यवहार होत नाहीत. कृपया अटकावाचा प्रकार व रक्कम, सूचना देणाऱ्या यंत्रणेचं नाव, तक्रार क्रमांक, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल आणि संबंधित व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लेखी कळवावा. अटकाव ठरावीक रकमेपुरता असल्यास उर्वरित रक्कम वापरण्यास खुली करावी. सोबत ओळखपत्र व खाते उतारा जोडला आहे. अर्जाची पोच मिळावी.”

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज पुढे कुठेच मोजला जात नाही.

तपशील हातात आला की तपास अधिकाऱ्याला निवेदन. त्यासोबत आधार किंवा पॅनसारखं ओळखपत्र (आधार देताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालते का ते विचारा), वादातल्या व्यवहाराच्या आगेमागे तीन महिन्यांचा खाते उतारा, साइटवरच्या तुमच्या खात्याचे पैसे भरल्या-काढल्याचे स्क्रीनशॉट, आणि पगारपत्रक किंवा धंद्याचा पुरावा. पगारपत्रकाचं महत्त्व लोक कमी लेखतात. खात्यातला बाकीचा पैसा घामाचा आहे, हे त्यातूनच दिसतं. बंदीपूर्वीच्या नोंदणीकृत अ‍ॅपवरून जिंकलेली रक्कम असेल तर तिच्यावर कापलेला कर फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-कपातीच्या उताऱ्यात, दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस होता. ते पानही जोडा, पैसा कुठून आला याचा तो सरकारी पुरावाच आहे.

निवेदनात खोटं लिहू नका. “मित्राने उसने दिले होते” हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचलं असेन. ज्याला मित्र म्हटलं, तो माणूस पोलिसांच्या दृष्टीने फसवणुकीतला आरोपी असतो, म्हणजे तुम्ही स्वतःच त्याच्याशी ओळख जोडून दिली. केंद्राच्या या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला. मात्र महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही लागू आहे. त्यामुळे रक्कम मोठी असेल किंवा खात्यात अशा जमा अनेक असतील तर सही करण्याआधी वकिलाला मजकूर दाखवा. आणि कमिशनसाठी खातं, एटीएम कार्ड किंवा सिम दुसऱ्याला दिलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आजच वकील गाठा. तिथे तुम्ही साखळीत अडकलेले ग्राहक राहत नाही.

अधिकाऱ्याने दखल घेतली नाही तर रस्ता न्यायालयाचा. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खातं रोखलं असेल तर ते मोकळं करण्याचा अर्ज कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. जुन्या फौजदारी संहितेतली ही कलमं १०२ आणि ४५७, वकील अजून त्याच आकड्यांनी बोलतात. तक्रारदाराची रक्कम परत द्यायला तुमची तयारी असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. छोट्या रकमांची प्रकरणं त्याने लवकर सुटतात. माझं स्पष्ट मत आहे की ३,२०० रुपयांसाठी पगाराचं खातं महिनोन्‌महिने अडकवून घेण्यापेक्षा ते देऊन मोकळं व्हावं.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कधी जायचं? पोलिसांच्या आदेशाविरुद्ध नाही, ती तक्रार तिथे टिकणार नाही. बँकेची स्वतःची चूक असेल तेव्हा जायचं. म्हणजे लीन ठरावीक रकमेचं असूनही बँकेने सगळं खातं बंद ठेवलं, किंवा सूचना कुणाची हे लेखी विचारूनही सांगितलं नाही. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर ती नोंदवता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तुमच्या नकळत कुणी तुमच्या खात्यातून जुगाराच्या साइटला पैसे पाठवले असतील तर प्रकरण वेगळं. ताबडतोब १९३० आणि बँक, दोन्हीकडे कळवा. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. स्वतः पिन टाकून केलेल्या व्यवहाराला ही सवलत नाही.

स्वतःलाच थांबवायचं असेल तर

हा अर्ज करायला लोक लाजतात. लाजू नका. शाखेतल्या कुणालाही कारण सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.

पात्रता सोपी आहे: खातेदाराने स्वतः अर्ज करायचा. सज्ञान मुलाच्या खात्यासाठी आई-वडिलांचा किंवा नवऱ्याच्या खात्यासाठी बायकोचा अर्ज बँक घेऊ शकत नाही, कितीही कळवळून सांगितलं तरी. अज्ञान मुलाच्या खात्यासाठी पालक करू शकतात. संयुक्त खातं असेल तर ते चालवण्याची पद्धत ‘दोघांच्या सहीने’ अशी बदलून घेता येते, पण त्या बदलाला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. पासबुक, ओळखपत्र आणि अर्ज, एवढेच कागद.

काय मागायचं? कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद. ही सोय प्रत्येक बँकेने अ‍ॅपमध्ये चोवीस तास द्यायची आहे, अर्जाचीही गरज नाही. यूपीआय आणि नेट बँकिंग बंद किंवा रोजची मर्यादा खाली. यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन जुन्या संमती रद्द करा, तिथे विसरलेली वर्गणी हमखास सापडते. आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: पूर्वमंजूर कर्जाची ऑफर आणि क्रेडिट कार्डाची वाढीव मर्यादा नको असल्याचं त्याच अर्जात लिहा. हरलेला पैसा परत मिळवायच्या धडपडीत माणूस आधी त्या बटणाकडे जातो. पगार येणारं खातं असं बांधून ठेवून, घरखर्चाची रक्कम घरातल्या विश्वासाच्या माणसाच्या खात्यात दर महिन्याला आपोआप जाण्याची स्थायी सूचना देऊन ठेवली तर जास्त टिकतं.

सवय हाताबाहेर गेली असेल तर १४४१६ वर टेली-मानस आहे, सरकारी आणि मोफत. मराठीतही बोलता येतं.

खातं मोकळं झाल्याचा एसएमएस येईलच असं धरून बसू नका. न्यायालयाचा आदेश किंवा पोलिसांचं पत्र बँकेकडे गेलं की चार दिवसांनी स्वतः शाखेत जाऊन लीनची रक्कम शून्य दिसते का ते पाहा, आणि त्या दिवसाच्या उताऱ्यावर शिक्का मारून घ्या.