मुळा-मुठा जलशुद्धी

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा आणि मुठा या नद्यांचे पाणी सुधारण्यासाठी चाललेले काम. मुठेच्या वरच्या अंगाला खडकवासला धरण आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर त्याच साखळीतली. पावसाळ्यात विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. एरवी धरणाचे पाणी नळांना आणि कालव्याला जाते, पात्रात उरते ते मुख्यतः शहराने वापरून सोडलेले. मूळ प्रवाहच आटल्यामुळे मैलापाणी पातळ करायला आठ महिने नदीकडे काही नसते.

हे पाणी नाल्यांतून उतरते. आंबिल ओढा, नागझरी, रामनदी ही नावे अजून ओढ्या-नद्यांची असली, तरी त्यांतून सांडपाणी वाहते. पवना पिंपरी-चिंचवडचा वाटा घेऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. मैला कुजवताना जीवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवतात; या खर्चाचे माप म्हणजे बीओडी. स्नानायोग्य नदीत ती लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत आणि विद्राव्य प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. घरगुती मैलापाण्याची बीओडी शेकड्यांत जाते. शिवाय त्यातला नत्र आणि स्फुरद जलपर्णीचे खत ठरतो. दरवर्षी यंत्रे लावून जलपर्णी काढतात, पण खत पाण्यातच राहिल्याने ती पुन्हा पसरते.

मैलाशुद्धीकरण केंद्रात आधी जाळीवर कचरा अडवतात, वाळू खाली बसू देतात, मग टाकीत हवा सोडून जीवाणूंकडूनच मैला खाववतात आणि गाळ वेगळा करतात. नदीत व्हायचे तेच काम इथे आवारात उरकले जाते. पुण्याची जुनी क्षमता रोज 477 दशलक्ष लिटर होती. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून 990.26 कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला: 11 नवी केंद्रे, 396 दशलक्ष लिटरची भर. कामे मुदतीत संपली नाहीत. केंद्र उभे राहिले तरी नाल्याचे पाणी वाहिनीत वळवून तिथवर आणावे लागते. वाहिनी तुंबली किंवा पंप बंद पडला की मैला सरळ पात्रात.

सुमारे 44 किलोमीटर काठ विकसित करण्याची महापालिकेची योजना यापासून वेगळी आहे, जरी बोलताना दोन्हींना सर्रास ‘नदीसुधार’ म्हणतात. झाडे तुटतील आणि पूरवहन क्षमता घटेल, असे आक्षेप नागरिकांनी घेतले आहेत. बांधीव काठाने बीओडी उतरत नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

संगमानंतर मुळा-मुठा पूर्वेला जाऊन भीमेला मिळते. पुढे उजनी धरण, ज्याचे पाणी सोलापूर पिते. उजनीखाली पंढरपूरला वारकरी जिच्यात स्नान करतात ती चंद्रभागा म्हणजे हीच भीमा.